मेजर लीगची नियमपुस्तिका: अंगाला आवर, तोंडाला मोकळीक

मेजर लीग बेसबॉल, म्हणजे अमेरिकेतली बेसबॉलची सर्वात वरची व्यावसायिक लीग, हिचं ‘ऑफिशियल बेसबॉल रूल्स’ हे पुस्तक त्यांच्याच संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतं. फुकटच्या वस्तूचं परीक्षण कशाला, असं कोणी म्हणेल. पण माझी बरीच वर्षं क्लब क्रिकेटमध्ये अंपायरचा पांढरा कोट घालून उभं राहण्यात गेली आहेत, त्यामुळे नियमांचं पुस्तक मी एकाच नजरेने वाचतो: उद्या चिडलेला कप्तान अंगावर आला तर यातल्या कुठल्या वाक्यावर बोट ठेवता येईल? सध्या अमेरिकेत मुलीकडे मुक्काम आहे, नातू हायस्कूलच्या संघातून बेसबॉल खेळतो, आणि त्याच्या सामन्यांपायी हे पुस्तक हातात आलं. काही बाबतींत ते फारच चांगलं आहे. एका बाबतीत मात्र ते तोंडच उघडत नाही, आणि ती बाब नेमकी तोंडाचीच आहे. खोटं ओरडून समोरच्याला फसवलं तर काय?

आधी बांधणीबद्दल दोन शब्द. २०१५ मध्ये पुस्तकाची सगळी फेररचना झाली आणि नियमांचे क्रमांक बदलले. ज्याला जुने लोक अजून ७.०६ म्हणतात, तो अडथळ्याचा नियम आता ६.०१(एच) झाला. जुना लेख वाचून नवं पुस्तक उघडलंत तर सापडणार नाही, एवढं लक्षात ठेवा. व्याख्या शेवटी, वर्णानुक्रमाने आहेत. अनेक ठिकाणी नियमाखाली ‘कॉमेंट’ म्हणून टीप दिली आहे. घाईत माणूस ती गाळतो, पण निर्णय देताना खरा उपयोग तिचाच होतो. मी तर टिपा आधी वाचतो आणि नियम मागून.

आता ‘ऑब्स्ट्रक्शन’. व्याख्या सरळ आहे: ज्या फिल्डरच्या हातात चेंडू नाही आणि जो चेंडू अडवण्याच्या क्रियेतही नाही, त्याने धावपटूची वाट अडवली तर ते ऑब्स्ट्रक्शन. हेतूचा उल्लेखही नाही. पुढे दोन प्रकार केले आहेत. ज्या धावपटूला अडवलं त्यालाच बाद करायचा प्रयत्न त्या क्षणी चालू असेल, तर चेंडू तिथेच मृत आणि त्या धावपटूला किमान पुढचा एक बेस बहाल. (बेस म्हणजे धावपटूने क्रमाने गाठायचे थांबे; पहिला, दुसरा, तिसरा करत शेवटचा, ‘होम’, गाठला की धाव.) खेळ दुसरीकडे चालू असेल, तर अंपायरने फक्त नोंद घ्यायची, चेंडू जिवंत ठेवायचा, आणि सगळी हालचाल संपल्यावर अडथळ्याने झालेलं नुकसान भरून द्यायचं. ही दुसरी तरतूद मला मनापासून आवडली. आमच्याकडे नो-बॉलवर खेळ चालू राहतो तसंच काहीसं. बाद करायच्या नादात असलेल्या दहा-वीस माणसांच्या गदारोळात अंपायर बोट दाखवून ठेवतो आणि हिशोब नंतर करतो. अंपायरला विचार करायला दोन-तीन सेकंद देणारा नियम हा शहाण्या माणसाने लिहिलेला नियम असतो.

या नियमाची परीक्षा २६ ऑक्टोबर २०१३ला सेंट लुईसमध्ये झाली. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना, नववी इनिंग, ४-४ अशी बरोबरी, एक बाद. कार्डिनल्सचा यादिएर मोलिना तिसऱ्या बेसवर, अ‍ॅलन क्रेग दुसऱ्यावर. जॉन जेने मारलेला जमिनी फटका बोस्टनच्या डस्टिन पेड्रोयाने झेपावून अडवला आणि होमवर फेकून मोलिनाला बाद केलं. इथवर बोस्टनचं सगळं छान चाललं होतं. मग कॅचर (आपला यष्टिरक्षकच म्हणा) साल्टालामाकियाने क्रेगसाठी तिसऱ्या बेसकडे चेंडू फेकला. विल मिडलब्रुक्सने अंग झोकून दिलं, चेंडू हाताला लागला नाही, तो लेफ्ट फिल्डमध्ये निघून गेला. मिडलब्रुक्स पोटावर आडवा, पाय वर. क्रेग उठून होमकडे निघाला तो त्याच्यावरच अडखळून पडला. तिसऱ्या बेसचे अंपायर जिम जॉइस यांनी तिथल्या तिथे अडथळ्याची खूण केली. खेळ चालूच राहिला. लेफ्ट फिल्डमधून थ्रो आला, क्रेगला होमच्या अलीकडे टॅगही केलं, म्हणजे चेंडू हातात धरून स्पर्श केला, आणि होममागचे अंपायर डेना डीमथ यांनी अडथळ्यामुळे हात फाकवून ‘सेफ’, म्हणजे नाबाद, दिला. कार्डिनल्स ५-४ ने जिंकले.

मिडलब्रुक्सने मुद्दाम केलं का, यावर टीव्हीवर काथ्याकूट झाला. पुस्तक उघडलं असतं तर तो वाचला असता. व्याख्येखालच्या टिपेत हेच उदाहरण जवळजवळ जसंच्या तसं आहे: फिल्डरने चेंडूसाठी झेप घेतली, चेंडू निसटला, आणि तो तसाच जमिनीवर पडून राहिल्यामुळे धावपटूला उशीर झाला, तर बहुधा ऑब्स्ट्रक्शन झालेलं आहे. बिचाऱ्याने जायचं कुठे, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. मला ते कठोर वाटत नाही. दोष कोणाचा हे ठरवायचं नसून नुकसान कोणाचं झालं हे ठरवायचं आहे.

याच नियमाने ऑक्टोबर २००३ मध्ये ओकलंडच्या मिगेल तेहादाचा घात केला. बोस्टनशी प्लेऑफचा तिसरा सामना. तिसऱ्या बेसजवळ तो बिल म्युलरला धडकला, अंपायरने अडथळ्याची खूण केली, आणि आता आपल्याला होम मिळालंच असं समजून तेहादा धावायचाच थांबला. कॅचरने टॅग केलं. बाद. खूण म्हणजे बक्षीस नव्हे, फक्त नोंद. अडवलं नसतं तर तो कुठवर पोचला असता, एवढंच अंपायर मोजतो.

म्हणजे अंगाने अडवण्याबाबत पुस्तक पक्कं आहे. आता जिभेकडे येतो.

याच्या उलट बाजूला, म्हणजे फलंदाजी करणाऱ्या संघाने फिल्डरच्या कामात आणलेला व्यत्यय, त्याला ‘इंटरफिअरन्स’ म्हणतात. त्याच्या व्याख्येत अडवणं, खोळंबा करणं यांच्या पंगतीत ‘गोंधळात टाकणं’ हेही बसवलं आहे. म्हणजे धावपटूने किंवा कोचने ओरडून फिल्डरला गोंधळात टाकलं तर अंपायरच्या हाती नियम आहे. पण ऑब्स्ट्रक्शनच्या व्याख्येत गोंधळ हा शब्दच नाही. तिथे फक्त वाट अडवणं. धावपटूने फिल्डरला फसवायचं नाही, फिल्डरने धावपटूला खुशाल फसवावं! एकाच पुस्तकात, एकाच प्रकरणात दोन बाजूंना दोन मापं. हे मुद्दाम केलंय की राहून गेलंय, हे पुस्तकातून कळत नाही, आणि ग्राहक म्हणून माझी पहिली तक्रार ही आहे.

दुसरी तक्रार अशी की जिथे शब्द आहे तिथेही तो चालवला जात नाही. ३० मे २००७, टोरोंटो. न्यूयॉर्कचा यांकीज संघ पुढे आणि फलंदाजीला, नववी इनिंग, दोन बाद. होर्हे पोसाडाचा उंच झेल तिसऱ्या बेसच्या बाजूला चढला. टोरोंटोचा हाउई क्लार्क त्याच्याखाली उभा. अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ, यांकीजचा धावपटू, धावत त्याच्या मागून गेला आणि जाता जाता ओरडला. क्लार्कला ‘माझा’ असं ऐकू आलं, म्हणजे शेजारचा फिल्डर, शॉर्टस्टॉप, झेल घेतोय असं समजून तो बाजूला झाला. चेंडू जमिनीवर पडला, धाव झाली, इनिंग चालू राहिली. शेवटी यांकीज १०-५ ने जिंकले. रॉड्रिगेझचं म्हणणं, मी फक्त ‘हा!’ म्हणालो. टोरोंटोचे मॅनेजर जॉन गिबन्स संतापले. अंपायरांनी इंटरफिअरन्स दिला नाही.

मी असतो तर दिला असता. ‘हा’ की ‘माझा’ या वादात मला रस नाही. झेलाखाली मान वर करून उभ्या असलेल्या माणसाच्या कानामागे ओरडण्याचं गोंधळात टाकण्याखेरीज दुसरं कारण काय असू शकतं? व्याख्येत शब्द छापलेला आहे, फिल्डर गोंधळलेला सगळ्यांना दिसतोय, आणि तरी दाद नाही. मग तो शब्द पुस्तकात ठेवलाय कशाला? या व्याख्येखाली ओरडण्याचं एक ढळढळीत उदाहरण देणारी टीप असती, तर मैदानावरच्या अंपायरला हिंमत आली असती. झेप घेऊन पडलेल्या फिल्डरसाठी टीप लिहिणाऱ्यांना हे सुचायला हरकत नव्हती.

तोंडाबद्दल पुस्तक पूर्ण गप्प आहे असंही नाही. नियम ६.०४ मध्ये काही गोष्टी सापडतात. पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, बॉक करावा, म्हणजे चेंडू टाकण्याची सुरू केलेली हालचाल मध्येच तोडून धावपटूंना एकेक बेस आंदण द्यावा, या उघड हेतूने चेंडू जिवंत असताना ‘टाइम’ ओरडायला किंवा दुसरा कुठला शब्द वापरायला बंदी आहे. मॅनेजर, खेळाडू, बदली खेळाडू, कोच, ट्रेनर, अगदी बॅट उचलणारा पोरगासुद्धा यात आला. ओरडणारा मैदानाबाहेर, बॉक रद्द. बघा, मनात आणलं की यांना किती नेमकं लिहिता येतं!

त्याच नियमात आणखी एक कलम आहे: फिल्डरने फलंदाजाच्या नजरेच्या रेषेत उभं राहून, खेळाडूला न शोभणाऱ्या हेतूने त्याचं लक्ष विचलित करू नये. हे वाचताना न्यूयॉर्क जायंट्सचा एडी स्टँकी आठवतो. ऑगस्ट १९५० मध्ये फिलाडेल्फियाच्या अँडी सेमिनिकच्या वेळी हा सेकंड बेसमन पिचरच्या मागे उभा राहून हात हवेत नाचवू लागला होता. लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांना त्यात लक्ष घालावं लागलं. आणि इंटरफिअरन्सच्या नियमात, तिसऱ्या बेसवर धावपटू असताना कोचने आपली चौकट सोडून फिल्डरचा थ्रो ओढवून घेण्याचा प्रयत्न केला तर धावपटू बाद, हे कलम वाचताना मिलर हगिन्स. १९१५ मध्ये सेंट लुईसचा हा खेळाडू-मॅनेजर तिसऱ्या बेसपाशी कोच म्हणून उभा होता. ब्रुकलिनच्या नवख्या पिचरला, एड अ‍ॅपलटनला, त्याने हाक मारली, जरा चेंडू बघू दे रे. त्या भाबड्याने टाकला. हगिन्स शांतपणे बाजूला झाला, चेंडू घरंगळत गेला आणि धावपटू होमला पोचला. धाव मान्य झाली, कारण कोणी ‘टाइम’ मागितलाच नव्हता. वाईट असेल, पण हसू आल्याशिवाय राहत नाही.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो, नाहीतर मी सोवळा वाटेन. हूल देणं मला मान्य आहे. १९९१च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, आठवी इनिंग, ०-०. अटलांटाचा लॉनी स्मिथ पहिल्या बेसवरून चोरटी धाव घ्यायला सुटला, टेरी पेंडलटनने चेंडू पार लेफ्ट-सेंटरमध्ये मारला. मिनेसोटाचा चक नॉब्लॉक दुसऱ्या बेसजवळ खाली वाकला, जमिनी फटका अडवल्यासारखा, आणि ग्रेग गॅगनेकडे तो नसलेला चेंडू दिला. गॅगनेही बेसवर आला, जणू एकाच चेंडूवर दोघांना बाद करणारा डबल प्ले चाललाय. स्मिथ दुसऱ्या बेसपाशी थबकला, आणि जो आरामात होमला जायचा तो तिसऱ्यावर अडकला. अटलांटाची धाव झालीच नाही आणि मिनेसोटाने दहाव्या इनिंगमध्ये १-० ने सिरीज घेतली. हुलीमुळे थबकला की चेंडूच दिसला नाही, यावर दुमत आहे. पण त्या दोघांचा मूकाभिनय मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे आणि माझी तक्रार नाही. धावपटूला डोळे आहेत, समोर तिसऱ्या बेसचा कोच आहे. बघायचं की नाही हे त्याच्या हातात.

ओरडण्याचं तसं नसतं. कान मिटता येत नाहीत. आणि फिल्डर जेव्हा ‘फाउल’ (चेंडू रेषेबाहेर, धावपटूंनी मागे फिरा) ओरडतो तेव्हा तो हूल देत नसतो, तो अंपायरच्या तोंडचा शब्द चोरत असतो. माझी सीमारेषा तिथे आहे.

नातवाच्या एका सामन्यात नेमकं हेच झालं. फटका तिसऱ्या रेषेच्या आत पडला, पहिल्या बेसवरचा मुलगा दुसरा बेस ओलांडून निघाला, आणि समोरच्या शॉर्टस्टॉपने दोनदा ‘फाउल! फाउल!’ केलं. मुलगा थांबला, मागे वळला, मग आपल्या कोचच्या आरड्याने पुन्हा पुढे पळाला आणि तिसऱ्यावर बाद झाला. पण बेसवरच्या अंपायरने अडथळ्याची खूण म्हणून आधीच डावा हात आडवा करून मूठ वळलेली होती. खेळ थांबल्यावर त्याने मुलाला तिसरा बेस दिला. बाकांवर गलका. माझ्या पुढच्या रांगेतले एक वडील मोबाइलवर हेच मेजर लीगचं पुस्तक उघडून, स्क्रीन नाचवत विचारत होते, ‘यात कुठे लिहिलंय ते दाखवा!’ त्यांचं चुकत नव्हतं. त्या पुस्तकात ते नाहीच. नातवाला संध्याकाळी विचारलं तर तो म्हणाला, ‘आबा, आमचं पुस्तक वेगळं असतं.’

ते वेगळं पुस्तक म्हणजे हायस्कूल संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाचं, ज्याला सगळे एनएफएचएस म्हणतात. ते विकत घ्यावं लागतं, आणि उदाहरणांचं केसबुक निराळं. पण त्यात ऑब्स्ट्रक्शनची व्याख्याच अशी सुरू होते की कृती हेतुपुरस्सर असो वा नसो, शारीरिक असो वा तोंडी. बस्स. एका शब्दात प्रश्न मिटला. शिवाय बचाव करणाऱ्या संघातला कोणीही त्यात सापडतो, फक्त फिल्डर नव्हे. म्हणजे डगआउटमधून आलेली आरोळीही मोजता येते. हातात चेंडू नसताना टॅग केल्याचं नाटक, ज्याला फेक टॅग म्हणतात, तेही तिथे ऑब्स्ट्रक्शन आहे. लिटल लीगच्या नियमांतही आहे. कारण उघड आहे: खोटा टॅग बघून मुलगा ऐन वेळी वेडीवाकडी घसरण घेतो आणि पाय मोडून घेतो. नॉब्लॉकची हूल मात्र या व्याख्येत बसत नाही, तो टॅगचं नाटक करत नव्हता. मला हा फरक बरोबर वाटतो.

क्रिकेटवाल्यांनाही हे नवं नाही. एमसीसीच्या कायद्यांत फलंदाजाला ‘शब्दाने वा कृतीने’ विचलित करणं, फसवणं किंवा अडवणं हे २०१७ पासून कलम ४१.५ मध्ये आहे, दंड पाच धावा. आणि फलंदाजानेही क्षेत्ररक्षकांना शब्दाने वा कृतीने मुद्दाम अडवलं तर तो बाद. दोन्ही बाजूंना एकच माप. अंमलबजावणी तिथेही डळमळीत आहे, हे मान्य. सप्टेंबर २०१७ मध्ये मार्नस लाबुशेनने चेंडू हातात नसताना फेकल्याचं नाटक केलं तेव्हा पाच धावा दिल्या गेल्या, पण एप्रिल २०२१ मध्ये जोहान्सबर्गला क्विंटन डी कॉकने दुसऱ्या टोकाकडे हात केला, फखर झमान १९३ वर धावबाद झाला आणि दंड झाला नाही. तरी निदान वाद घालायला छापील वाक्य होतं.

मेजर लीगच्या अंपायरला असं वाक्य नाही, पण एक मागचा दरवाजा आहे. नियम ८.०१(सी) सांगतो की पुस्तकात स्पष्ट न सांगितलेल्या कुठल्याही मुद्द्यावर निर्णय देण्याचा अधिकार अंपायरला आहे. पुढचंच उपकलम त्याला खेळाला न शोभणाऱ्या वागण्याबद्दल किंवा भाषेबद्दल खेळाडूला बाहेर काढू देतं. म्हणजे कोणी ‘फाउल’ ओरडून धावपटूला थांबवलंच, तर धाडसी अंपायर काहीतरी करू शकतो. पण चाळीस हजार प्रेक्षकांसमोर सर्वसाधारण अधिकाराचं कलम उगारायला कोण धजेल? कोट घालून उभं राहिलेल्यालाच माहीत की ‘मला वाटलं म्हणून’ हे उत्तर किती वेळ टिकतं.

अलीकडे यांनी अंगाचा भाग आणखी घट्ट केला आहे. २०२४च्या हंगामाआधी अंपायरांना सांगण्यात आलं की चेंडू हातात नसताना गुडघा टेकून बेस अडवणाऱ्या इनफिल्डरवर ऑब्स्ट्रक्शन काटेकोरपणे द्या. चांगलं केलं. पण गुडघ्यापर्यंत पोचलेली नजर जरा वर, तोंडापर्यंत न्यायला हवी होती.

माझा कौल: पाचपैकी साडेतीन तारे. ऑब्स्ट्रक्शनच्या टिपांसाठी पूर्ण गुण, इंटरफिअरन्सच्या व्याख्येतल्या न वापरलेल्या शब्दासाठी एक वजा, क्रमांकांच्या उलथापालथीसाठी अर्धा. टीव्हीवर मोठे सामने बघणाऱ्याने हे जरूर उतरवून घ्यावं आणि व्याख्यांपासून वाचायला सुरुवात करावी. मुलं किंवा नातवंडं शाळेत खेळत असतील तर बाकावर हे उघडू नका. एनएफएचएसचं घ्या, शक्य तर केसबुकासकट. मेजर लीगच्या समितीकडे माझं मागणं एका टिपेचं आहे: ऑब्स्ट्रक्शनच्या व्याख्येखाली, जमिनीवर पडून राहिलेल्या त्या फिल्डरच्या शेजारी, अंपायरचा शब्द ओरडणाऱ्या फिल्डरलाही जागा द्या.